ठोक्याचा उगम

छातीतून काढून बाहेर ठेवलेले हृदय काही वेळ धडधडत राहते. प्राणी उष्ण रक्ताचा असेल तर थोडाच वेळ, बेडूक किंवा कासव असेल तर तासन्‌तास. खाटकाला, शिकाऱ्याला आणि देवापुढे बळी देणाऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक असणार. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलेन या ग्रीक वैद्याने त्यावरून नेमका निष्कर्ष काढला: शरीरापासून तोडलेले हृदय चालते, तर त्याला चालवणारी शक्ती त्याच्यातच आहे, ती मज्जातंतूंवाटे येत नाही. निष्कर्ष बरोबर होता. पण तो पुराव्यानिशी उभा राहायला आणखी सतराशे वर्षे लागली, आणि मधल्या काळात तो अनेकदा मोडीतही निघाला.

या विलंबाला उपकरणांचा अभाव हे एकच कारण नव्हते. हाताचा, पायाचा, डोळ्याचा स्नायू मेंदूकडून आज्ञा आल्याशिवाय हलत नाही. मग एकच स्नायू आपल्या मनाने जन्मभर कसा चालेल, ही शंका विद्वानांना सोडत नव्हती. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पिढीने हृदयाला हुकूम देणारा कोणीतरी शोधून काढला. हृदयाच्या ठोक्याच्या संशोधनाचा इतिहास हा बराचसा असे हुकूम देणारे एकेक करून बाद होण्याचा इतिहास आहे.

विल्यम हार्वेने १६२८ मध्ये फ्रँकफर्टहून प्रसिद्ध झालेल्या छोट्या लॅटिन ग्रंथात रक्ताभिसरण सिद्ध केले, हे शाळेच्या पुस्तकात येते. त्याच ग्रंथातले दुसरे एक निरीक्षण सहसा येत नाही. मरणाऱ्या प्राण्याचे हृदय एकदम थांबत नाही, असे हार्वेला दिसले. आधी डावा निलय, म्हणजे खालचा कप्पा, थांबतो, मग डावे अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, मग उजवा निलय, आणि सगळे शांत झाल्यावरही उजवे अलिंद थरथरत राहते. एका कबुतराचे हृदय पूर्ण थांबल्यावर त्याने थुंकीने ओले केलेले ऊबदार बोट काही वेळ त्यावर ठेवले, तर ते पुन्हा हलू लागले. शेवटी मरणारा भाग तोच आधी जागा होणारा असावा, हे अनुमान इथून हाकेच्या अंतरावर होते. पण उजव्या अलिंदात नेमके काय आहे हे कळायला पुढची पावणेतीनशे वर्षे गेली.

हार्वेनंतरच्या पिढीत ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने मेंदूचा अभ्यास करताना हृदयाची सूत्रे पुन्हा डोक्याकडे सोपवली. इच्छेविना होणाऱ्या सगळ्या हालचाली अनुमस्तिष्कातून, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूतून चालतात, असे त्याचे मत १६६४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते बराच काळ मानले गेले. अठराव्या शतकाच्या मध्याला गटिंगनच्या आल्ब्रेख्त फॉन हालरने ते उलटवले. स्नायूला डिवचले की तो आखडतो, हा त्याचा स्वतःचा गुण आहे, हे हालरने शेकडो प्रयोगांतून दाखवले. हृदयात शिरणारे रक्तच त्याला डिवचते आणि म्हणून ठोका पडतो, असे त्याचे म्हणणे होते. मेंदू बाजूला झाला. त्याची जागा रक्ताने घेतली. रक्ताचा थेंबही नसलेले बेडकाचे हृदय बशीत का उड्या मारते, याचे उत्तर मात्र हालरच्या मतात नव्हते.

१८४५ मध्ये एर्न्स्ट हाइनरिख वेबर आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी केलेल्या प्रयोगाने सगळ्यांनाच कोड्यात टाकले. मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून खाली उतरणारे दोन मोठे मज्जातंतू हृदयापर्यंत जातात. त्यांचे नाव व्हेगस. वेबर बंधूंनी त्यांना विद्युतप्रवाहाचा झटका दिला. मज्जातंतूला झटका दिला की स्नायू आखडतो, असे तोवर प्रत्येक प्रयोगात दिसले होते. इथे उलटे घडले. हृदय मंदावले, आणि झटका चालू ठेवल्यावर थांबलेच. मज्जातंतू काम करवून घेतो तसा थांबवूही शकतो, ही कल्पना त्या काळच्या शरीरशास्त्राला पूर्ण नवी होती. झटका बंद केल्यावर हृदय पुन्हा आपोआप सुरू होत होते, याकडे आज अधिक लक्ष जाते. मज्जातंतूकडे लगाम आहे, पण धावणे त्याच्याकडून येत नाही, हे इथेच स्पष्ट व्हायला हरकत नव्हती.

तसे झाले नाही, कारण एका वर्षापूर्वीच बर्लिनच्या रोबर्ट रेमाकला बेडकाच्या हृदयाच्या आतच मज्जापेशींचे बारीक पुंजके सापडले होते. बाहेर न सापडलेला हुकूम देणारा आता आतच मिळाला, असे बहुतेकांना वाटले. १८५२ मध्ये हेर्मान स्टानियसने बेडकाच्या हृदयाला दोऱ्याच्या गाठी मारून पाहिल्या. बेडकाच्या हृदयाला अलिंदाच्या आधी एक पातळ पिशवी असते. शरीरातले अशुद्ध रक्त प्रथम तिच्यात येते. तिला शिरासायनस म्हणतात. पिशवी आणि अलिंद यांच्यामध्ये गाठ आवळली, तर पिशवी पूर्वीच्याच वेगाने धडधडत राहिली आणि पुढचे सगळे हृदय थांबले. मग अलिंद आणि निलय यांच्यामध्ये दुसरी गाठ आवळली, तर निलय संथ गतीने पुन्हा चालू लागला. ठोका पिशवीतून निघतो आणि खालच्या भागांपाशीही स्वतःची मंद लय आहे, असे आज हा प्रयोग वाचता येतो. त्या काळी मात्र तो मज्जापेशींच्या पुंजक्यांचाच पुरावा मानला गेला. भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्टानियसच्या या गाठी कित्येक दशके मारल्या. काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर बेडकाच्या ठोक्यांचा आलेख काढणे हा प्रात्यक्षिकाचा ठरलेला भाग होता. आता ते काम बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर होते.

हा वाद केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलने निकालात काढला, आणि त्यासाठी त्याने निवडला सगळ्यांत संथ प्राणी. कासवाचे हृदय इतके सावकाश चालते की ठोका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना डोळ्यांना दिसतो. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅस्केलने कासवाच्या हृदयातून स्नायूच्या अशा पट्ट्या कापल्या की ज्यांत मज्जापेशी नव्हत्या. थोड्या वेळाने त्या पट्ट्या आपापल्या तालात आखडू लागल्या. मग त्याने अलिंदाच्या स्नायूला नागमोडी काप दिले. सरळ जाणारा कोणताही मज्जातंतू त्यात तुटलाच असता, तरी लाट वळणावळणाने पलीकडे पोचली. मधला पूल फारच अरुंद ठेवला की दोनांतला एकच ठोका पलीकडे जाई, त्याहून अरुंद केला की एकही नाही. गॅस्केलने याला ‘ब्लॉक’ म्हटले, आणि हृदयरोगतज्ज्ञ आजही तोच शब्द वापरतात. ठोका स्नायूतच जन्मतो आणि स्नायूतूनच पसरतो, हे आता नाकारणे कठीण होते. कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाचे हृदय मज्जातंतू तिथवर पोचायच्या आधीच हलू लागते, हा जुना ठाऊक असलेला पुरावाही मग गॅस्केलच्या बाजूने उभा राहिला. माणसाच्या भ्रूणातही गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहिली हालचाल सुरू होते.

त्याच सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर हा डॉक्टर रुग्णांच्या कामातून वेळ काढून बेडकाची हृदये मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचा प्रयत्न करत होता. १८८२ मध्ये त्याने जाहीर केले की शुद्ध पाण्यात नुसते मीठ घातले तरी हृदय उत्तम चालते. पुढे उघड झाले की ते पाणी शुद्ध नव्हतेच. प्रयोगशाळेत द्रावण करायला नळाचे पाणी वापरले गेले होते. खरोखरच्या ऊर्ध्वपातित पाण्यात तोच प्रयोग केल्यावर हृदय थोड्या मिनिटांत दुबळे होऊन थांबले. नळाच्या पाण्यात असलेले आणि शुद्ध पाण्यात नसलेले द्रव्य होते कॅल्शियम. १८८३ मध्ये रिंगरने आधीचे म्हणणे सरळ मागे घेऊन दुरुस्त निबंध छापला. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम या तिघांचे योग्य प्रमाण असेल तरच ठोका टिकतो, हे त्याने दाखवले. दवाखान्यात अतिसाराच्या किंवा अपघाताच्या रुग्णाला जी ‘आरएल’ची बाटली लावतात, तिच्यातला ‘आर’ हा हाच रिंगर. नळाच्या पाण्याने विज्ञानाचे एवढे भले क्वचितच केले असेल.

ठोका स्नायूतून पसरतो हे ठरले, तरी एक अडचण उरली. माणसाच्या हृदयात वरची अलिंदे आणि खालचे निलय यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचा एक थर असतो, आणि त्यातून ठोका जात नाही. मग वरचा ठोका खाली उतरतो कोठून? या प्रश्नाचे उत्तर ज्या क्रमाने मिळाले तो क्रम मोठा गमतीचा आहे. नदीची परिक्रमा मुखापासून सुरू करून उगमाकडे जावे, तसे संशोधक उलट्या दिशेने वर सरकत गेले.

मुख आधी सापडले. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ येथे १८३९ मध्ये मेंढीच्या निलयाच्या आतल्या अस्तराखाली करड्या, बुळबुळीत धाग्यांचे जाळे पाहिले. ते कशासाठी आहे हे त्याला कळले नाही, आणि पुढे साठ-पासष्ट वर्षे कोणालाच कळले नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस या तरुण स्विस डॉक्टरने लाइपझिगमध्ये काम करताना अलिंद आणि निलय यांना जोडणारा, तंतुमय थर भेदून जाणारा स्नायूचा एक बारीक जुडगा शोधला. तो कोठून येतो आणि कोठे संपतो हे मात्र अंधारातच राहिले.

ते शोधले जपानहून जर्मनीत शिकायला आलेल्या सुनाओ तावारा याने. तो १९०३ मध्ये मारबुर्गला लुडविग आशोफ या विकृतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. निकामी झालेल्या हृदयांच्या स्नायूत दाहाच्या खुणा शोधायचे काम त्याच्याकडे होते. त्यातून अपेक्षित उत्तर मिळेना, तेव्हा तावारा हिसच्या जुडग्याकडे वळला. माणसाच्या आणि प्राण्यांच्या हृदयांचे एकापाठोपाठ एक पातळ काप काढायचे, प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि त्यांतून धागा जोडत जायचे, असे हे काम होते. कंटाळवाणे म्हणावे इतके चिकाटीचे हे काम तीन वर्षे चालले. १९०६ मध्ये त्याचा ग्रंथ आला आणि सगळे चित्र एकदम स्पष्ट झाले. जुडग्याच्या वरच्या टोकाला, अलिंदांच्या तळाशी पेशींची एक गाठ आहे. जुडगा खाली उतरून डाव्या-उजव्या शाखांत विभागतो. शाखांना फांद्या फुटतात, आणि शेवटच्या फांद्या म्हणजे पुर्किन्येचे ते निरुद्योगी वाटलेले धागे. वरून आलेला ठोका या गाठीत सेकंदाच्या दहाव्या भागाइतका रेंगाळतो, तेवढ्यात अलिंदांतले रक्त निलयांत उतरते, आणि मग शाखांमधून तो वेगाने सगळ्या निलयभर पसरतो. शरीररचनाशास्त्रात इतके एकहाती आणि इतके पूर्ण काम फार थोड्यांच्या नावावर आहे. तावारा मायदेशी परतून फुकुओकात प्राध्यापक झाला. युरोपात मात्र त्याच्या गाठीला बरीच वर्षे गुरूचे नाव आधी लावले जाई.

उगम राहिला होता. तावाराचा ग्रंथ वाचून लंडनचा शरीररचनातज्ज्ञ आर्थर कीथ वेगवेगळ्या प्राण्यांची हृदये तपासू लागला. १९०६ च्या उन्हाळ्यात तो केंट परगण्यातल्या ब्रेडगर गावी आपल्या घरी होता आणि मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी त्याच्या मदतीला होता. एका संध्याकाळी कीथ दांपत्य सायकलवरून फिरून परतले, तेव्हा फ्लॅक सूक्ष्मदर्शकापाशी उतावीळ होऊन थांबला होता. मोल नावाच्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या उजव्या अलिंदात, महाशीर जिथे उघडते नेमक्या त्या जागी, त्याला तावाराच्या गाठीसारख्याच पेशींचा एक पुंजका दिसला होता. मग तो माणसासह इतर सस्तन प्राण्यांतही सापडला. बेडकाची ती पातळ पिशवी सस्तन प्राण्यांत आक्रसून अलिंदात विरून गेली आहे, आणि तिचा अवशेष म्हणजे हा पुंजका. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कीथ आणि फ्लॅक यांनी ठोका बहुधा इथूनच निघत असावा असे सुचवले. हाच तो सायनस नोड. हार्वेच्या डोळ्यांसमोर उजवे अलिंद शेवटपर्यंत का थरथरत होते, त्याचे कारण अखेर मिळाले. हाच कीथ पुढे आदिमानवाची म्हणून पुढे आलेल्या पिल्टडाउन येथील बनावट कवटीला खरी मानून चाळीसएक वर्षे चकला. अचूक नजर सगळ्या विषयांत सारखी चालत नाही.

‘असावा’चे ‘आहे’ व्हायला विजेची मोजणी लागली. आकुंचन पावणाऱ्या हृदयात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो त्वचेवरून टिपता येतो, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलरने १८८७ मध्येच माणसावर दाखवले होते. जिमी हा आपला बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून उभा करून तो हे प्रात्यक्षिक करी, आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत प्राणिछळाचा प्रश्नही उपस्थित झाला. नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचा गॅल्व्हानोमीटर बनवून हे मापन नेमके केले. ते यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. ईसीजीच्या कागदावरची पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आइन्थोव्हेनचीच. १९२४ चे नोबेल त्याला या कामाबद्दल मिळाले. १९१० मध्ये लंडनच्या टॉमस लुइसने याच तंत्राने कुत्र्याच्या हृदयावर दाखवून दिले की प्रत्येक ठोक्याची पहिली विद्युत-खूण सायनस नोडपाशीच उमटते.

मार्ग सापडल्यावर मार्गातले बिघाडही ओळखता आले. नाडी मिनिटाला तीसवर येऊन रुग्ण अचानक बेशुद्ध पडतो, हे डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि विल्यम स्टोक्स या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवले होते. हिसच्या जुडग्यात खंड पडला की वरचा ठोका खाली उतरत नाही आणि निलय स्वतःच्या मंद लयीवर येतात, हे त्यामागचे कारण आता समजले. सायनस नोड मिनिटाला साठ ते शंभर ठोके देतो, तावाराची गाठ चाळीस ते साठ, पुर्किन्येचे धागे त्याहूनही कमी. वरचा थांबला तर खालचा काम उचलतो, पण कसेबसे. हे काम यंत्राकडून करवून घेण्यासाठी स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसवलेला पेसमेकर घातला गेला. दिवसाला वीस-तीस वेळा त्याची शुद्ध हरपत असे. यंत्र रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवले, शस्त्रक्रिया ओके सेनिंगने केली. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सनने मात्र पुढे दोन डझनांहून अधिक यंत्रे वापरली आणि २००१ पर्यंत जगून अभियंता व शल्यविशारद या दोघांनाही मागे टाकले.

ठोका आतून निघतो, पण जिना चढताना तो वाढतो आणि झोपेत कमी होतो. ही वेगाची सूत्रे कोणाकडे, हा वेबर बंधूंनी सुरू केलेला धागा. वेग वाढवणारे मज्जातंतू १८६० च्या दशकात सापडले. लगाम आणि टाच दोन्ही मिळाले, पण मज्जातंतू स्नायूशी बोलतो कसा हे कळत नव्हते. ऑस्ट्रियात ग्रात्स येथे ओटो लोवीने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ते उलगडले. ही कल्पना आपल्याला रात्री झोपेत सुचली, पहाटे टिपण वाचता आले नाही, आणि दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचताच आपण उठून प्रयोगशाळा गाठली, असे लोवी सांगत असे. बेडकाची दोन हृदये द्रावणात चालू ठेवली. पहिल्याचा व्हेगस शाबूत, दुसऱ्याचा तोडलेला. पहिल्याच्या व्हेगसला झटका दिला, ते मंदावले. मग त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. मज्जातंतूच्या टोकातून कसले तरी रसायन द्रावणात उतरले होते. ते अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले. वेग वाढवणारे रसायन अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातले निघाले. १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल विभागून मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ज्यू असलेल्या लोवीला अटक केली, आणि नोबेलची रक्कम त्यांच्या ताब्यातल्या बँकेत वळती केल्यावरच त्याला देश सोडू दिला.

निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी व्हेगसचा लगाम सतत ओढलेला असतो. नुसत्या सायनस नोडचा वेग मिनिटाला शंभरच्या आसपास आहे. व्हेगस तो सत्तरपर्यंत खाली आणतो. हृदयरोपणाने हे उघडपणे दाखवले. १९६७ च्या डिसेंबरात केप टाउनला पहिले मानवी हृदयरोपण झाले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही ते केले. तो रुग्ण काही तासच जगला. रोपणात हृदयाकडे येणारे सगळे मज्जातंतू कापले जातात. नवे हृदय तरीही चालते, विश्रांतीतही वेगाने चालते, आणि व्यायाम सुरू केल्यावर त्याचा वेग हळूहळू वाढतो, कारण रक्तातून अ‍ॅड्रिनलिन पोचायला वेळ लागतो. गेलेनचे म्हणणे आता जिवंत माणसात रोज पाहता येऊ लागले.

सायनस नोडच्या पेशीत आतमध्ये काय घडते, हा शेवटचा टप्पा. १९६० मध्ये लंडनमधील तरुण संशोधक डेनिस नोबल याने हृदयपेशीच्या विद्युत लयीची समीकरणे संगणकावर सोडवली. त्या काळी विद्यापीठाला एकच संगणक होता, आणि त्यावर शरीरशास्त्रज्ञाला वेळ मिळाला तो मध्यरात्रीनंतरचा. पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह हळूहळू ओसरतो आणि म्हणून पुढचा ठोका पडतो, असे स्पष्टीकरण पुढे पुर्किन्येच्या धाग्यांबाबत सर्वमान्य झाले. १९७९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये हिलरी ब्राउन, दारिओ दिफ्रान्चेस्को आणि नोबल यांना सायनस नोडच्या पेशींत एक चमत्कारिक प्रवाह सापडला. असे प्रवाह पेशीच्या पटलातल्या वाहिन्यांमधून वाहतात, आणि इतर बहुतेक वाहिन्या पेशीतला विद्युतदाब वाढल्यावर उघडतात. ही वाहिनी मात्र तो दाब खूप ऋण झाल्यावर उघडत होती आणि सोडियमला आत घेत होती. शास्त्रज्ञांनी तिच्या प्रवाहाला ‘फनी करंट’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. दोन वर्षांनी दिफ्रान्चेस्कोने दाखवले की पुर्किन्येच्या धाग्यांतही तोच आहे, आणि पोटॅशियमचा ओसरता प्रवाह म्हणून जो मोजला जात होता तो खरे तर हाच होता. वीस वर्षे पाठ्यपुस्तकात असलेले स्पष्टीकरण गेले; ज्याचे ते होते त्या नोबलने बदल मान्य केला.

सायनस नोडच्या पेशीला विसावा नसतो. ठोका संपताच तिच्या पटलावरचा दाब उणे साठ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, त्याच क्षणी या वाहिन्या उघडतात आणि सोडियम आत झिरपू लागतो. दाब चढत चढत उणे चाळीसपर्यंत आला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आणि ठोका सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडून दाब पुन्हा खाली आणतो. रिंगरच्या द्रावणातली तीन द्रव्ये ती हीच. अ‍ॅड्रिनलिनमुळे फनी करंटच्या वाहिन्या लवकर उघडतात, चढण कमी वेळात पार होते, वेग वाढतो. अ‍ॅसिटिलकोलीनमुळे उलट होते. इव्हाब्रॅडीन हे औषध नेमक्या याच वाहिन्यांना अडवून नाडी मंद करते; युरोपात त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम स्वतःच्या तालात सुटत राहते आणि ठोक्याला तेही चालना देते, असे अलीकडच्या दशकांत दिसून आले आहे. पटलावरची लय मुख्य की साठ्यातली, यावर दोन्ही बाजूंचे संशोधक बरेच भांडले. दोन्ही लयी एकमेकींना जोडलेल्या असून एक अडखळली तरी दुसरी ठोका चालू ठेवते, असे आता बहुतेक मानतात.